गप्प बसवणारी ओळ

बर्फ सारणारी गाडी चौकात थांबली, ड्रायव्हरने आतून हात हलवून 'जा, जा' केलं, आणि कोरिनचा पायच उचलेना. सिग्नल तिच्या बाजूचा होता. गाडीचं रुंद पातं रस्त्याला टेकलेलं, त्याला करड्या बर्फाचा चिखल लोंबत होता, टपावर पिवळा दिवा फिरत होता, आणि आतला दाढीवाला माणूस टोपी कानांवर ओढून चक्क हसत होता. डुलुथच्या बर्फात जन्म काढलेल्या बाईला ह्या गाडीचं काय नवल? लहानपणी पहाटे रस्ता खरवडल्याचा आवाज आला की आज शाळेला सुट्टी नाही एवढंच त्यातून कळायचं आणि ती चरफडत पांघरुणात तोंड खुपसायची. आज मात्र तिची नजर त्या पात्यावरून हलेना. मागच्या बाईने बरं वाटतंय ना म्हणून विचारलं, सिग्नल बदलला, ड्रायव्हरने खांदे उडवले आणि गाडी पुढे काढली. पातं डांबरावरून खरखरत गेलं. कोरिन दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिली. त्या बिचाऱ्या गाडीने कुणाचं काय वाईट केलं होतं? ती आपली रस्ते साफ करत होती. केलं होतं ते कोरिनने. किंवा कोरिनने नव्हतंच केलं. गेला आठवडाभर ती ह्या दोन वाक्यांच्या मधे अशीच अडकली होती, आणि तिला कुणी इकडे ये किंवा तिकडे जा म्हणत नव्हतं.

घडलं ते सांगायला फार वेळ लागत नाही. तिची कंपनी लहानशी, बंदराजवळच्या एका जुन्या विटांच्या गोदामात थाटलेली. नऊ-एक-एक ह्या आणीबाणीच्या नंबरला फोन आला की ज्या खोलीत तो घेतात तिथल्या पडद्यावर नकाशा असतो, नकाशावर अँब्युलन्स ठिपक्यांसारख्या हलत असतात, आणि 'सगळ्यात जवळची कुठली' असं विचारलं की एक ठिपका उजळतो. तो नकाशा ही मंडळी बनवत. उन्हाळ्यात शेजारच्या एका काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाराने, सांगितलं, बर्फ सारणाऱ्या गाड्याही ह्याच नकाशावर दाखवा, म्हणजे थंडीत अँब्युलन्सच्या पुढे रस्ता मोकळा करत त्यांना धाडता येईल. मागणी शहाणपणाची होती. काम कोरिनकडे आलं, तिने ते केलं, तपासलं, दोघांना दाखवलं. माणसाने लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा आणि करता करता चुका दाखवणारा तो कंपायलर, तोही एका शब्दाने कुरकुरला नाही. मग पहिला बर्फ पडला. पहिल्या ड्रायव्हरने गाडीतलं यंत्र सुरू केलं, त्याचा ठिपका नकाशावर आला, सगळे खूश. त्याच दुपारी लॉइड बर्ग नावाचे एक गृहस्थ दारातला बर्फ फावड्याने काढता काढता छातीला हात लावून खाली बसले. बायकोने फोन केला. फोन घेणाऱ्या पॅमने 'सगळ्यात जवळची' विचारलं, प्रोग्राम अँब्युलन्सच्या डब्यात, म्हणजे त्यांच्या यादीत, हात घालून एकेकीला विचारू लागला की तुझ्याकडे ऑक्सिजन किती, आणि त्याच्या हाताला लागली बर्फाची गाडी. तिच्याकडे कसला ऑक्सिजन. प्रोग्राम जागच्या जागी कोसळला आणि पडदा काळा झाला. पॅमने रेडिओवरून हाका मारून जी सापडली ती गाडी पाठवली, ती लांबून आली. जवळची गाडी दोन वळणांपलीकडच्या पेट्रोल पंपावर उभी होती आणि तिच्यातले दोघे कॉफी पीत होते, हे नंतर कळलं. लॉइड बर्ग वाटेतच गेले.

पॅमचं दुःख वेगळंच होतं. कोरिन प्रोग्रामर व्हायच्या आधी कित्येक वर्षं त्याच खोलीत, पॅमच्या शेजारच्या खुर्चीत बसून फोन घ्यायची. कानावरच्या स्पंजचा तो घामट वास, दुसऱ्याच्या घरातला कुत्रा कानात भुंकतोय, मागे टीव्ही चालू, आणि एखादी बाई अगदी शांतपणे 'माझा नवरा निळा पडलाय' म्हणतेय, हे सगळं तिच्या अंगात अजून होतं. त्या खोलीत पडदा म्हणजे डोळे. तो गेला तर समोर नुसते आवाज उरतात, आणि आवाजाला कुठे जायचं ते कळत नाही. हे जिला सगळ्यात जास्त ठाऊक तिच्याच हातून पडदा गेला. पॅमने चार दिवसांनी फोन केला. इकडचं तिकडचं बोलली, भाच्याच्या लग्नाचं, गुडघ्याचं. मग म्हणाली, "कोरिन, एक सांगशील? मी चुकीचं बटण दाबलं का गं? मला आता आठवतच नाही मी काय दाबलं."

"नाही गं. तू काही चुकीचं केलं नाहीस."

"मग कुणी केलं?"

ह्यावर कोरिनने बर्फाची गाडी चुकून अँब्युलन्सच्या डब्यात पडली असं काहीबाही सांगितलं. पॅमला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून तिचं समाधानही झालं नाही. ती म्हणाली, आर्लीन बर्ग शेवटपर्यंत फोनवर होती आणि सारखी विचारत होती, निघाले का, निघाले का. मी हो म्हणत राहिले. कोरिनने फोन ठेवला.

डब्यांची गोष्ट तिला शिकवली वेंडेल ओस्टबी यांनी. कंपनीतले सगळ्यात जुने गृहस्थ, ह्या नकाशाची पहिली ओळ त्यांच्या हातची, आणि संध्याकाळी कॉलेजात ते नोकरदारांना प्रोग्रामिंग शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा ठेवला, झाकण उघडलं, आणि पुढच्या रांगेतून किंकाळी आली. आत मासेमारीची गांडुळं. इथल्या प्रत्येक फ्रिजमध्ये असा एक डबा असतो आणि प्रत्येक घरात कुणीतरी एकदा त्यात चमचा घातलेला असतो, त्यामुळे वर्ग पोट धरधरून हसला. वेंडेल हसले नाहीत. म्हणाले, डब्यावर आत काय आहे ते लिहा. गांडुळांचा डबा, अँब्युलन्सचा डबा. ह्याला आमच्या धंद्यात जेनेरिक म्हणतात, नाव अवघड आहे, गोष्ट एवढीच आहे. लिहिलंत की कंपायलर झाकणापाशी येऊन बसतो आणि भलती वस्तू आत जाऊ देत नाही. बिनलेबलाचा डबा वापरलात तर तो इशारा देतो, की बाबांनो, मला खात्री देता येत नाही, तुमचं तुम्ही बघा. आणि हे सगळं आधीच व्हायला हवं, कारण प्रोग्राम एकदा चालू झाला की लेबलं गळून पडतात, तेव्हा सगळे डबे सारखेच. मग त्यांनी प्रश्न टाकला. अँब्युलन्स ही गाडी आहे, बरोबर? मग अँब्युलन्सचा डबा हा गाड्यांचा डबा झाला की नाही? वर्गाने एका सुरात हो म्हटलं. दिवसभर फोन घेऊन आलेली, डोळ्यांवर झापड असलेली कोरिन एकटी नाही म्हणाली. का? "कारण गाड्यांचा डबा म्हणून तुम्ही तो मला दिलात तर मी त्यात कचऱ्याची गाडी टाकीन. आणि माझं काहीच चुकलेलं नसेल." वेंडेलनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेवर ती वर्षानुवर्षं जगली. नोकरी त्यांनीच दिली, पहिल्या हिवाळ्यात टायर बदलायला पैसे नव्हते तेव्हा स्वतःच्या गॅरेजमधले आणून लावून दिले, नवरा सोडून गेला तेव्हा एक शब्द न विचारता तिचं काम आठवडाभर ओढलं. बाप असता तर ह्याहून वेगळं काय करणार होता?

आणि तेच तिने केलं होतं. कचऱ्याच्या गाडीऐवजी बर्फाची गाडी, एवढाच फरक. वेंडेलच्या जुन्या फाइलमध्ये एक बिनलेबलाचा डबा होता, नाव नुसतं 'गाड्या'. तिने त्यात बर्फाच्या गाड्या घातल्या. तो डबा आतून अँब्युलन्सचाच होता, दुसऱ्या नावाने हातात आलेला. पण कंपायलरने इशारा द्यायला हवा होता. का नाही दिला? लॉइड बर्गच्या अंत्यविधीची बातमी पेपरात वाचली त्या सकाळी ती फाइल उघडून वर वर सरकत गेली, अगदी पहिल्या ओळीपर्यंत, जिथे कुणी कधी जात नाही. तिथे ती ओळ होती. कंपायलरला गप्प बसवणारी. तशी ओळ असते, आणि वेळेला लागतेही. एखाद्या ठिकाणी आपण स्वतः सगळं तपासलेलं असतं, कंपायलरला ते दिसत नाही आणि तो उगाच टुमणं लावतो, तेव्हा त्या एका वाक्यापुरती ती लिहायची. ही मात्र सगळ्या फाइलवर टाकली होती, झोपलेल्या पोरावर गोधडी टाकावी तशी. खाली काय काय झाकलं गेलं कुणास ठाऊक. प्रत्येक ओळ शेवटची कुणाच्या हातची ते त्यांचं यंत्र कडेला बारीक अक्षरात दाखवतं. तिथे वेंडेलचं नाव होतं, आणि नावावर कर्सर नेल्यावर उमटलं ते कोरिन शाळेत असतानाचं वर्ष.

पहिल्यांदा तिला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. खुर्चीत मागे रेलून तिने डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मग त्या सुटकेचीच तिला लाज वाटली. लॉइड बर्ग त्यामुळे काही उठून बसणार नव्हते. पण मी आंधळी नव्हते, माझ्या डोळ्यांवर कुणीतरी आधीच हात ठेवला होता, एवढं एक कुणीतरी मोठ्याने म्हणावं, असं तिला तहान लागावी तसं वाटू लागलं. आणि ते म्हणणारा माणूस एकच असू शकत होता.

कारण ह्या धंद्यात एक रीत आहे. मोठा घोटाळा झाला की सगळे एका खोलीत बसतात, काय झालं ते पहिल्यापासून मांडतात, आणि कुणाचंही नाव घेत नाहीत. रीत भल्या हेतूची आहे; माणूस घाबरला की लपवतो, म्हणून त्याला घाबरवायचं नाही. त्या सकाळी, चौकातून कशीबशी पोचलेली कोरिन खोलीत शिरली तेव्हा मॅनेजर डायॅन केलरने भोपळ्याच्या वड्यांचं ताट मधे ठेवलं होतं आणि सगळ्यांना बजावलं होतं की आपण इथे ओळींबद्दल बोलतो, माणसांबद्दल नाही. भिंतीवर कोरिनची ओळ मोठी करून लावली होती. कडेचं नाव डायॅनने माणुसकी म्हणून झाकलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना जास्तच दिसत होतं. 'ह्या ठिकाणी चुकीची वस्तू घातली गेली,' डायॅन म्हणत होती, 'घातली गेली', 'लक्षात आलं नाही', जणू वाऱ्याने घातली. सगळे समजूतदारपणे मान डोलवत होते आणि कोरिनकडे सोडून सगळीकडे बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर तिला बोलता आलं असतं. ह्या चांगुलपणाशी भांडायचं कसं? वरची ओळ दाखवायची तर वेंडेलचं नाव घ्यावं लागणार, आणि दुसऱ्याचं नाव घेणारी बाई ह्या खोलीत पुन्हा कधी चांगली ठरत नाही. स्वतःचं नाव मात्र घेता येतं. ते घ्यायला कुणाची आडकाठी नाही. वेंडेल टेबलाच्या टोकाला बसले होते, स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा ओढत. कोरिन त्यांच्याकडे बघत राहिली. आता बोलतील. हे वाक्य संपलं की बोलतील. डायॅन पाणी प्यायला थांबली तेव्हा ते खाकरले, कोरिनचा जीव कानात गोळा झाला, आणि ते म्हणाले की हीटर जरा कमी करता येईल का.

शेवटी डायॅनने दोन गोष्टी सांगितल्या. एक, काउंटीचा तपासनीस उद्या येणार, तो आपल्या रीतीतला नाही, त्याला सगळ्या ओळी नावांसकट बघायचा हक्क आहे. दोन, आजपासून नियम: कंपायलरने एक जरी इशारा दिला तर काम पुढे जाणार नाही, यंत्रच अडवेल. आणि कोरिनची दुरुस्ती, बर्फाच्या गाड्यांना त्यांचा वेगळा डबा, आज संध्याकाळच्या आत काउंटीला पोचली पाहिजे, कारण तळ्यावरून वादळ येतंय, सगळ्या बर्फाच्या गाड्या रस्त्यावर निघणार. दुरुस्ती नसेल तर पुन्हा तेच.

खोली रिकामी झाली. वेंडेल आपल्या जागेवर जाऊन बसले, तिथे खिडकीतून बंदरावरचा पूल दिसतो. कोरिन त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने रात्ररात्र घोकलं होतं, आणि तोंडातून आलं एवढंच, "वरची ओळ तुमची आहे, वेंडेल."

त्यांनी खिडकीतून पुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "लेबलं तेव्हा भाषेत नवीनच आली होती गं. जुनं सगळं बिनलेबलाचं. लावायला गेलो तर इशाऱ्यांचा नुसता पाऊस. मी एकटा होतो. म्हटलं, तेवढ्यापुरतं गप्प बसवू, हिवाळा संपला की एकेक डबा नीट करू."

"आणि मग?"

"मग पुढचा हिवाळा आला." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्म्याशिवायचे त्यांचे डोळे तिने इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते, ते लहान आणि ओले होते. "पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे, कोरिन. बातमी आली तेव्हाच मी ती फाइल उघडली. उद्या सांगतो. तपासनिसासमोरच सांगतो, म्हणजे एकदाच होईल. आजचा दिवस जाऊ दे."

उद्या सांगतो. त्या दोन शब्दांनी ती इतकी हलकी झाली की तिला त्यांचा खांदा थोपटावासा वाटला. तिने थोपटलाही. मनात आलं, एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामावरचा हा एक डाग, आणि तो दाखवायला मी उभी राहिले. पण ती उभी राहिली नसती तर पॅम कितीक रात्री आपलं बटण आठवत बसणार होती? आर्लीन बर्गला कुणीतरी नीट सांगायला नको का, की का निघाले नाहीत? आपल्या जागेवर येऊन तिने दुरुस्ती घेतली. आणि मग, आता खरं ते उजेडात येणारच आहे म्हणून, आपल्या दुरुस्तीत तरी काही झाकलेलं राहू नये म्हणून, तिने ती वरची ओळ काढून टाकली आणि काम सगळ्यांच्या साठ्यात जमा केलं. दुसरं काही करावं असं त्या घटकेला तिच्या मनातही आलं नाही. शिकवण तीच होती.

कंपायलर बोलायला लागला. एक पिवळी ओळ आली, दुसरी आली, मग ती वाचायच्या आत पुढच्या येत गेल्या, पडदा भरून वर सरकत राहिला आणि थांबेचना. खात्री देता येत नाही. खात्री देता येत नाही. रुग्णालयांचे डबे, रस्त्यांचे, माणसांच्या पाळ्यांचे, इतकी वर्षं तोंड दाबून बसवलेला तो एकदम सगळं सांगत सुटला. ह्यातले कित्येक निरुपद्रवी असतील. कित्येकांत आत्ता ह्या घडीला कुठेतरी एखादी भलती वस्तू पडलेली असेल आणि कुणाच्या तरी हाताची वाट बघत असेल. कोणत्या, ते कोण सांगणार? खाली लाल अक्षरात आलं की काम अडवलं आहे. सकाळचा नियम. तिची दुरुस्ती ह्या ढिगाखाली अडकली होती आणि खिडकीबाहेर आभाळ शिशासारखं खाली आलं होतं.

डायॅन धावत आली. वेंडेलही उठून आले. डायॅनने पडद्याकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला, हे सगळं काय आहे म्हणून तिने विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली की काय असेल ते असो, आत्ता हे आधी होतं तसं करा. कोरिनने विनवलं, मला थोडा अवधी दे, जिथे खरंच सुरक्षित आहे तिथे तिथे एकेका वाक्यापुरतंच गप्प बसवते, बाकीचं उघडं राहू दे, नियम आजच्यापुरता बाजूला ठेव. डायॅन म्हणाली की नियम मालकांनी काउंटीला लिहून दिलाय, तो मोडायचा अधिकार तिला नाही. काउंटीचा फोन दोनदा येऊन गेला होता, गाड्या निघाल्या होत्या. एकेक वाक्य तपासायला आठवडे लागले असते. तेवढ्यात लांब कुठेतरी रस्ता खरवडल्याचा आवाज आला, आणि कोरिनला त्या खोलीत बसलेली पॅम दिसली, कानावर स्पंज, समोर नकाशा.

"ती ओळ परत टाका," डायॅन म्हणाली. "कुणीतरी टाका, पण आत्ता."

कोरिन खुर्चीतून अर्धवट उठली. वेंडेलना बसता यावं म्हणून. ती ओळ त्यांची होती, ती त्यांनीच टाकावी, हे तिला इतकं उघड वाटत होतं की ती बोललीसुद्धा नाही, नुसती सरकली. वेंडेल खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी पडद्याच्या कडेला पाहिलं, जिथे बारीक अक्षरात नावं येतात. फार वेळ नाही पाहिलं, पण पाहिलं. कोरिनने त्यांना पाहताना पाहिलं.

"तूच टाक, कोरिन," ते म्हणाले. "माझे हात बघ कसे कापताहेत."

आता काय करायचं? तिला सगळं कळलं होतं, अगदी लख्ख. आपण ही ओळ टाकली की ती आपली होईल. जुनं नाव खाली गाडलं जाईल; खणलं तर सापडेलही, पण जिथे नाव घेत नाहीत तिथे खणणार कोण. आणि नाही टाकली तर नकाशावरच्या त्या डब्यात अजून बर्फाच्या गाड्या पडत होत्या. तिला ओरडावंसं वाटलं. तिला वेंडेलचा तो कापरा हात धरून कीबोर्डवर दाबावासा वाटला. दोन्हीपैकी काही न करता ती खाली बसली आणि तिने ओळ लिहिली, त्या ओळीत मोजून दोन शब्द असतात. पिवळं सगळं नाहीसं झालं. कंपायलर गप्प झाला. काम पुढे सरकलं, काउंटीने पोचल्याचं कळवलं, डायॅनने तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, तू होतीस म्हणून. वेंडेल तोवर कोट चढवत होते. दारातून त्यांनी मागे वळून मान हलवली, त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. उद्या सांगतो म्हणालेत, असं ती घरी जाताना घोकत राहिली. म्हणालेत ना. मग सांगतील. ओळ कुणाच्या का नावावर असेना, तोंड तर त्यांचं आहे.

वादळ आलं आणि गेलं. पॅमने सकाळी निरोप ठेवला होता, नकाशा रात्रभर चालू होता, दोन बाळंतिणी आणि एक अपघात, सगळे वेळेत पोचले. ते ऐकताना कोरिन रडली, आणि बरं वाटून रडली, हेही सांगायला हवं. मग ती त्याच खोलीत जाऊन बसली. तपासनीस ड्वोराक नावाचा पोक्त माणूस होता, ओले बूट दाराशी काढून मोज्यांवरच आत आलेला. त्याने वड्या नको म्हटल्या. फाइल भिंतीवर लावायला सांगितली, नावांसकट. बर्फाच्या गाड्या घालणारी मधली ओळ वाचली, वर सरकायला सांगितलं, पहिल्या ओळीपाशी थांबायला सांगितलं. ही काय करते म्हणून विचारलं. कुणीतरी समजावलं. त्याने हळूहळू मान हलवली.

"म्हणजे इशारा मिळाला असता," तो म्हणाला. "ही ओळ नसती तर मिळाला असता."

"आम्ही इथे कुणाचं नाव घेत नाही," डायॅन घाईघाईने म्हणाली.

"नका घेऊ. इथे लिहिलेलंच आहे. दोन्हीकडे एकच आहे."

कोरिनने वेंडेलकडे पाहिलं. आज ते तिच्या समोरच बसले होते, दाढी करून, स्वच्छ स्वेटर घालून, एखादा माणूस काहीतरी सांगायला येतो तसे. ते आले होतेच सांगायला, ह्यावर तिचा पुढेही कायम विश्वास राहिला. त्यांनी भिंतीवरच्या त्या बारीक अक्षरांकडे पाहिलं, कोरिनचं नाव वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी अलगद उतरलं. दुखणं उतरावं तसं. त्यांनी टेबलावर हात जोडून ठेवले. आवाज वर्गातला होता, समजावणारा, मायाळू.

"हे कुणाकडूनही झालं असतं," ते म्हणाले.

खोलीभर माना हलल्या. डायॅनच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्वोराक कोरिनकडे वळला आणि त्याने सौजन्याने विचारलं की ह्या ओळी आपल्याच का. कोरिनने लगेच उत्तर दिलं नाही. ती थांबली, वेंडेलना बोलायला जागा राहावी म्हणून, आणि अजून थोडी थांबली. कुणी काही बोललं नाही.

"हो," ती म्हणाली. "दोन्ही माझ्याच."